नवा सबजीनस जाहीर करायचाय? आधी टाइप स्पीशीज ठरवा

"नव्या सबजीनससाठी अर्ज कुठे करायचा?" हा प्रश्न मला वरचेवर येतो. कुठेच नाही. मंजुरीचा शिक्का मारणारं कार्यालयच नाही. नाव नियमाप्रमाणे प्रसिद्ध झालं की झालं. पदवीची अट नाही, सरकारी फी नाही. जर्नलने पैसे मागितले तर तो त्यांचा मामला. (मराठीत 'प्रजाती' कुणी जीनसला म्हणतं, कुणी स्पीशीजला, म्हणून इथे इंग्रजी शब्दच ठेवलेत. जीनस म्हणजे जवळच्या स्पीशीजचा गट, सबजीनस हा त्यातला पोटगट.)

प्राणी, वनस्पती आणि बुरशीपुरत्या नियमावल्या दोन: एक प्राण्यांची, तीत कीटक आले, दुसरी वनस्पती, शेवाळ आणि बुरशीची. परजीवींची वेगळी नाही, आणि पहिली ठेच तिथेच लागते. हिवतापाचा प्लास्मोडियम प्राण्यांत, गव्हाचा तांबेरा बुरशीत. रेशीमकिड्यांना पेब्रीन करणारा नोसेमा आज बुरशीच्या गोतावळ्यात धरतात, पण नाव देण्याच्या बाबतीत तो अजून प्राण्यांच्याच नियमावलीत आहे.

सगळ्यात जास्त वेळा गहाळ असते ती टाइप स्पीशीज, म्हणजे गटाचं नाव जिला कायमचं बांधलेलं असतं ती एक स्पीशीज. मध्यंतरी एक हस्तलिखित वाचलं: 11 स्पीशीज, देखणे फोटो, डीएनएचा झाड-नकाशा, सगळं होतं. टाइप स्पीशीजपुढे मात्र लिहिलं होतं, "वरीलपैकी कोणतीही." संपलं. प्राण्यांत 1930 नंतरच्या नावाला नेमकी एक स्पीशीज ठरवावीच लागते, वनस्पती-बुरशीत 1958 पासून. शिवाय वनस्पती-बुरशीत 1990 पासून 'टाइप' किंवा त्याच अर्थाचा शब्द छापलेला हवा. अर्थ स्पष्ट असला तरी शब्द नसेल तर नाव बाद! हा कारकुनी खाक्या मला पटत नाही, पण नियम आहे.

दुसरा घोळ नावाच्या टकरीचा. प्राण्यांत जीनस आणि सबजीनस एकाच पंगतीला बसतात. तुमच्या माशीच्या सबजीनसचं नाव एखाद्या भुंग्याच्या जीनसला आधीच दिलेलं असेल तर ते चालत नाही. डासांचा स्टेगोमाया हा गट 2004 मध्ये जीनस झाला, 2015 मध्ये पुन्हा एडिसचा सबजीनस. दर्जा असा बदलला तरी नावाचं जन्मवर्ष मात्र 1901 च राहिलं. लिहिताना तो कंसात येतो: एडिस (स्टेगोमाया) इजिप्ती. वनस्पतींत कंस नाही, 'सबजीनस' हा दर्जा मध्ये लिहायचा, आणि टक्कर त्या जीनसच्या घरापुरतीच बघायची. दोन्हीकडे जीनसची टाइप स्पीशीज ज्या सबजीनसमध्ये असेल, त्याला जीनसचंच नाव मिळतं. तिथे हौसेला वाव नाही.

आता तारखा. वनस्पती-बुरशीचं वर्णन 2012 पासून इंग्रजीत चालतं. पण 2009 साली फक्त इंग्रजी वर्णनावर छापलेलं नाव त्यामुळे आपोआप तरत नाही, तेव्हा लॅटिन सक्तीचं होतं. बुरशीसाठी 1 जानेवारी 2013 पासून मायकोबँक, इंडेक्स फंगोरम किंवा फंगल नेम्स यांपैकी एका नाव-नोंदवहीचा क्रमांक लेखात हवाच. प्राण्यांत झूबँक या नाव-नोंदवहीतली नोंद फक्त ऑनलाइन निघणाऱ्या लेखाला सक्तीची आहे. ती प्रसिद्धीआधी करायची आणि तिचा पुरावा पीडीएफमध्येच छापायचा. क्रमांक ईमेलमध्ये पडून राहिला आणि लेख तसाच निघाला, असे लोक पाहिलेत. उलट, क्रमांक मिळाला म्हणजे नाव पक्कं झालं असंही नाही.

भारतातल्या नव्या टॅक्सॉनसाठी (स्पीशीज, सबजीनस, जीनस असा कोणताही गट) जैवविविधता कायदा 2002 चं कलम 39 आहे: नेमलेल्या संग्रहालयाला कळवायचं आणि नमुना जमा करायचा. हे काम लेख पाठवण्याआधी सुरू करा. नमुन्याचा नोंदणी क्रमांक हातात यायला वेळ लागतो, आणि संपादक तोच आधी मागतात.