सौदा न झालेले बाजार

अमेरिकेतल्या वायदे बाजारांवर कमोडिटी फ्युचर्स ट्रेडिंग कमिशन या आयोगाची देखरेख असते. आयोगाच्या नोंदवहीत चालू बाजारांबरोबर काही निद्रिस्त बाजारही सापडतात. सलग 12 महिने एकही सौदा झाला नाही की बाजार निद्रिस्त ठरतो. परवाना मात्र लगेच जात नाही. नव्या बाजाराला तर परवाना मिळाल्यापासून 36 महिने हा शिक्का लागतच नाही. आयोगाच्या नियमांमधली मला सर्वांत समंजस वाटलेली तरतूद हीच, कारण वायदे बाजार जन्माला घालणं किती अवघड असतं याची जाण तिच्यात आहे.

वायदा म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने माल देण्या-घेण्याचा आजच केलेला करार. गहू पिकवणाऱ्याला भाव पडण्याची धास्ती असते, पीठगिरणीला भाव चढण्याची. दोघांनी आजच भाव बांधून घेतला तर दोघेही निर्धास्त. पण हे दोघे एकाच क्षणी, एकाच प्रमाणात बाजारात येत नाहीत. मधली पोकळी सट्टेबाज भरून काढतो. तो शेतकऱ्याकडून वायदा घेतो आणि गिरणीवाला येईपर्यंत जोखीम स्वतःच्या अंगावर वागवतो.

ही जोखीम किती मोठी, हे वाट किती वेळ पाहावी लागते यावर ठरतं. भाव पुढे कुठे जाईल हे सांगता येत नाही. तो डुलत-डुलत सरकतो, आणि अशा हालचालीतली अनिश्चितता साधारण वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समोरचा गिऱ्हाईक मिळायला एक तास लागत असेल आणि तो वेळ एका मिनिटावर आला, तर जोखीम 60 पटींनी कमी होत नाही; 60 च्या वर्गमुळाने, म्हणजे पावणेआठ पटींनी होते. तेवढी कपातही पुरेशी असते. सट्टेबाज खरेदी आणि विक्रीच्या भावातलं अंतर कमी ठेवू शकतो, सौदा स्वस्त पडतो, म्हणून आणखी लोक येतात, आणि वाट पाहण्याचा वेळ आणखी घटतो. ओस बाजारात हेच चक्र उलटं फिरतं. माणसं कमी म्हणून अंतर मोठं, आणि अंतर मोठं म्हणून उरलेली माणसंही पाय काढतात.

भौतिकशास्त्रात याच्याशी मिळतीजुळती घटना आहे. अगदी स्वच्छ हवेत आर्द्रता 100 टक्क्यांच्या बरीच वर गेली तरी पाण्याचे थेंब तयार होत नाहीत. थेंबाचा पृष्ठभाग तयार व्हायला ऊर्जा लागते, तर वाफेचं पाणी होताना ऊर्जा सुटते. पृष्ठभाग त्रिज्येच्या वर्गाने वाढतो, घनफळ घनाने. त्यामुळे इवल्या थेंबाला पृष्ठभागाचा खर्च झेपत नाही आणि तो विरून जातो. एका ठरावीक आकारापलीकडे पोचलेला थेंब मात्र आपोआप वाढत राहतो. नव्या बाजाराला तेवढा आकार गाठेपर्यंत तग धरायची असते, आणि बहुतेक वेळा तेच जमत नाही. हाँगकाँग मर्कंटाइल एक्स्चेंज मे 2011 मध्ये सोन्याच्या वायद्यांनी सुरू झालं. उत्पन्नातून खर्च भागेना, तेव्हा मे 2013 मध्ये त्याने परवाना परत केला.

मग गर्दीच उसनी आणली तर? लंडनच्या ‘फॉक्स’ या वायदे बाजाराने मे 1991 मध्ये मालमत्तेच्या किमतींवरचे वायदे सुरू केले. कल्पना खरोखर चांगली होती. घर हीच बहुतेक कुटुंबांची सर्वांत मोठी ठेव असते आणि तिची किंमत पडण्यापासून संरक्षण सहसा मिळत नाही. पण गिऱ्हाइकं फिरकली नाहीत. उलाढाल दिसावी म्हणून दलालांमध्ये आपसांतले लुटुपुटीचे सौदे घडवून आणले गेले. हे उघडकीस आल्यावर ऑक्टोबरमध्ये व्यवहार थांबवावे लागले. आकडे फुगवून वाट पाहण्याचा वेळ कमी होत नाही, कारण खरा गिऱ्हाईक आला की पलीकडे खरा माणूसच लागतो.

भरलेला बाजार ओस पडतो तेव्हा काय होतं, हे जर्मन सरकारी रोख्यांच्या वायद्यांनी दाखवलं. हे वायदे लंडनच्या ‘लिफे’ने 1988 मध्ये सुरू केले. तिथे दलाल रिंगणात उभे राहून ओरडून सौदे करत. जर्मनीच्या ‘डीटीबी’ या बाजारात 1990 पासून तेच वायदे संगणकावर होऊ लागले. सौद्याचा खर्च कमी असूनही कित्येक वर्षं बहुतेक उलाढाल लंडनमध्येच राहिली, कारण गर्दी तिथे होती. जर्मन बाजाराचा वाटा वर्षानुवर्षं हळूहळू वाढला, 1997 च्या अखेरीकडे निम्म्याच्या आसपास आला, आणि मग 1998 संपेपर्यंत लंडनमध्ये या वायद्यांचं जवळपास काहीच उरलं नाही. निम्मा बाजार जायला सात वर्षं लागली, उरलेला निम्मा जायला जेमतेम एक.

विजयी डीटीबीचंच पुढे ‘युरेक्स’ झालं. 2004 च्या फेब्रुवारीत त्यांनी अमेरिकेत बाजार उघडला, शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडचे सरकारी रोख्यांचे वायदे खेचून घेण्यासाठी. पण शिकागोने शुल्क उतरवलं आणि आपले सौदे तोवर संगणकावरही आणले होते. त्यासाठी घेतलेली प्रणाली लिफेने उभारलेली होती! युरेक्सकडे या वेळी देण्यासारखं वेगळं काही उरलं नाही. मालक बदलला, नाव बदललं, आणि 2008 च्या अखेरीस तो बाजार बंद झाला.

काही बाजारांचा गळा कायदाच आवळतो. 1955 मध्ये दोन व्यापाऱ्यांनी शिकागोत पोचणारा कांदा जवळजवळ सगळाच ताब्यात घेतला आणि नंतर तो बाजारात ओतला. 50 पौंडांच्या गोणीचा भाव 10 सेंटपर्यंत कोसळला. शेतकरी संतापले, आणि 1958 मध्ये अमेरिकेने कांद्याच्या वायद्यांवर बंदी घातली. ती आजही लागू आहे. या बंदीला जोडीदार मिळाला 2010 मध्ये. चित्रपटाच्या तिकीटविक्रीवर वायदे करू पाहणाऱ्या दोन बाजारांना एप्रिलमध्ये परवाने मिळाले, जूनमध्ये त्यांच्या करारांनाही संमती मिळाली. चित्रपट कंपन्यांचा कडवा विरोध होता. आतली माहिती असणारे लोक गैरफायदा घेतील, ही त्यांची भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. जुलैमध्ये झालेल्या वित्तीय सुधारणांच्या कायद्याने हे वायदे एकही सौदा होण्याआधीच बेकायदा ठरवले.

सौदे नसलेल्या बाजाराकडे तरीही एक मोलाची वस्तू असते, ती म्हणजे परवाना. ‘पॉलीमार्केट’ या संकेतस्थळावर लोक निवडणुकांपासून व्याजदरांपर्यंतच्या घटनांवर पैसे लावतात. नोंदणीशिवाय असे करार विकल्याबद्दल 2022 मध्ये आयोगाने त्यांना 14 लाख डॉलर दंड केला आणि त्यांना अमेरिकी गिऱ्हाइकांसाठी दार बंद करावं लागलं. अमेरिकेबाहेर गर्दी वाढतच गेली. जुलै 2025 मध्ये त्यांनी ‘क्यूसीईएक्स’ हा बाजार त्याच्या क्लिअरिंग हाउससह, म्हणजे सौद्यांचे पैसे चुकते करून देणाऱ्या संस्थेसह, 11.2 कोटी डॉलरना विकत घेतला. त्या बाजाराला आयोगाचा परवाना त्याच महिन्यात मिळाला होता आणि गिऱ्हाइकांची गर्दी अजून जमायची होती. विकत घेणाऱ्याकडे ती आधीच होती.