सागो पाम: खोडात साठवलेला स्टार्च

एकादशी आली की खान्देशात घरोघरी साबुदाणा भिजतो, आणि तो सागो पाम नावाच्या झाडाच्या चिकातून निघतो असं अजूनही सांगितलं जातं. आपल्या बाजारातला साबुदाणा कसाव्याच्या कंदाच्या स्टार्चचा असतो. त्याचे बहुतेक कारखाने तमिळनाडूत सेलम भागात आहेत. महिनोन्‌महिने खड्ड्यात कुजवून, अळ्यांसकट तुडवून तो करतात, हा मोबाइलवर फिरणारा संदेशही खोटा आहे. स्टार्चचं पाणी फार काळ तसंच राहिलं तर आंबतं आणि माल खराब होतो.

नर्सरीत ‘सागो पाम’ म्हणून मिळतो तो सायकस. तो पाम नव्हेच. त्याच्या बिया विषारी असतात, कुत्री त्या खाऊन दगावतात. घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर तो अंगणात लावू नये.

खरा सागो पाम, शास्त्रीय नाव मेट्रोझायलॉन सागू, हा न्यू गिनी आणि इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांच्या गोड्या पाण्याच्या दलदलीतला. केळी लावणाऱ्याला त्याची रीत लगेच कळेल: एकदाच निसवायचं, फळ द्यायचं आणि मरायचं; पुढची बाग बुडाशी फुटलेल्या पिलांची. फक्त सागोला निसवायला साधारण 10 ते 15 वर्षं लागतात. तोवर पानांनी केलेली साखर खोडाच्या गाभ्यात येत राहते.

ती साखरेच्याच रूपात का साठत नाही? साखर पाण्यात विरघळते. पेशीत विरघळलेले रेणू वाढले की पेशी बाहेरून पाणी ओढते आणि तिच्या भिंतीवर ताण येतो. म्हणून गाभ्यातल्या पेशी हजारो ग्लुकोज एकमेकांना जोडून स्टार्चचे घट्ट कण बनवतात. थंड पाण्यात कण विरघळत नाहीत, त्यामुळे प्रचंड साठा झाला तरी हा ताण वाढत नाही. फुलोरा येऊ लागला की विकरं (एन्झाइम) ग्लुकोजच्या याच साखळ्या तोडतात, साखर वर चढते, आणि फळं पिकेपर्यंत गाभा रिता होतो. म्हणून शेंड्याची पानं आखूड होऊन फुलोऱ्याची चाहूल लागली की खोड तोडतात. लवकर तोडलं तर साठा अपुरा, उशीर झाला तर नुसता चोथा.

कण विरघळत नाहीत, यावरच काढणीही चालते. खोडाचे सुमारे मीटरभर लांबीचे ओंडके करायचे, गाभा किसायचा, पाण्यात मळून गाळायचा. स्टार्च पाण्याच्या सुमारे दीडपट जड असल्याने तळाशी बसतो. वरचं पाणी ओतून तो वाळवायचा. पाणी थंडच हवं. सुमारे 70 अंशांना कण फुगून खळ होते आणि काहीच वेगळं करता येत नाही. तोडलेले ओंडके पडून राहिले तर सूक्ष्मजीव स्टार्च खातात. किसलेला गाभा हवेने तांबूस पडतो, तो रंग स्टार्चला लागतो. चोथा नदीत सोडला की तो कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो.

चांगल्या खोडातून 150 ते 300 किलो कोरडा स्टार्च मिळतो. हेक्टरी वर्षाला 100 खोडं तयार झाली आणि प्रत्येकी 200 किलो धरले, तर 20 टन होतात. ‘चमत्कारी पीक’ म्हणणारे हाच आकडा सांगतात, पण जंगली दलदलीत एका वर्षी इतकी खोडं तोडणीला येत नाहीत. खरं मोल वेगळं आहे: हे झाड पाण्यात उभं राहतं. दलदलीचं पाणी काढावं लागत नाही, त्यामुळे तिथल्या कुजट मातीतला कार्बन हवेत जात नाही. दरवर्षी नांगरणीही नको. मात्र फार खोल कुजट थरावर वाढ मंदावते.

तापीकाठच्या काळ्या मातीत, 600-700 मिमी पावसात आणि मे महिन्याच्या 45 अंशांत हे पीक येणार नाही. कुणी रोपं विकायला आणली तर घेऊ नयेत. खान्देशाचं स्टार्चचं पीक मका आहे; दोंडाईच्यात त्याचा कारखानाही आहे. पण मक्याच्या दाण्यात स्टार्च प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेला असतो. तो सुटावा म्हणून दाणे सल्फर डायऑक्साइड मिसळलेल्या, सुमारे 50 अंश गरम पाण्यात दीड-दोन दिवस भिजवावे लागतात. सागोच्या गाभ्यात प्रथिनं नगण्य, म्हणून तिथे नुसत्या थंड पाण्यावर भागतं.