नवं मॉडेल दर सहा महिन्यांनी, अपडेट किती वर्षं? पार्श्वभूमी

मोबाइलच्या खोक्यावर आणि जाहिरातीत आता ‘सहा वर्षं अपडेट’ असं ठळक छापलेलं असतं. ही सहा वर्षं कधीपासून मोजायची, हे मात्र बारीक अक्षरांत असतं किंवा नसतंच. बहुतेक कंपन्या ती मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजतात, गिऱ्हाइकानं फोन घेतला त्या दिवसापासून नाही. मराठवाड्यात हा फरक महागात पडतो. इथली मोठी खरेदी सोयाबीन-कापसाचा पैसा हातात आला की होते, दसरा-दिवाळीच्या आगेमागे, आणि नेमका त्याच दिवसांत दुकानदार मागच्या वर्षीचा माल सवलतीत काढतो. एकूण दोनच वर्षं अपडेट मिळणारं मॉडेल दीड वर्ष जुनं झाल्यावर घेतलं, तर दोन-तीन हजार वाचतात आणि अपडेटचे सहाच महिने हाती लागतात. त्यात फोन हप्त्यावर असेल, तर हप्ते फिटायच्या आधी कंपनीची जबाबदारी संपलेली असते.

नवं मॉडेल किती दिवसांनी काढावं आणि जुन्याला अपडेट किती वर्षं द्यावं, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारले जातात. खरं तर दोन्हींचा खर्च कंपनीच्या एकाच खिशातून होतो.

फोनला अपडेट लागतं ही कल्पनाच तशी नवी. 2003 साली आलेल्या नोकिया 1100 चे सुमारे 25 कोटी नग जगभर खपले. त्याला घरबसल्या अपडेट हा प्रकार नव्हता. फोन लोगोवर अडकला की दुकानात न्यायचा, दुकानदार केबल आणि बॉक्स लावून ‘सॉफ्टवेअर मारून’ द्यायचा, संपला विषय. इंटरनेटला न जोडलेल्या फोनमध्ये चूक राहिली तरी दूरवरून तिचा फायदा कोण घेणार?

2007 मध्ये आयफोन आला आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिला अँड्रॉइड फोन. ॲपलकडे फोनही स्वतःचा आणि सॉफ्टवेअरही स्वतःचं. सुरुवातीला वर्षाला एक-दोनच मॉडेलं, त्यामुळे अपडेट सगळ्यांना एकाच दिवशी. अँड्रॉइडची रचना वेगळी. सॉफ्टवेअर गूगलचं, चिप क्वालकॉम किंवा मीडियाटेकची, फोन तिसऱ्याच कंपनीचा. शिवाय सुरुवातीचा वेग अचाट होता. एप्रिल 2009 मध्ये आवृत्ती 1.5, सप्टेंबरमध्ये 1.6, ऑक्टोबरमध्ये 2.0, मे 2010 मध्ये 2.2 आणि डिसेंबरमध्ये 2.3. फोन कंपन्या एक आवृत्ती बसवून होईपर्यंत दुसरी दारात उभी. मे 2011 मध्ये गूगलनं मोठ्या कंपन्यांना सोबत घेऊन जाहीर केलं की नव्या फोनला 18 महिने अपडेट मिळतील. ती घोषणा कागदावरच राहिली. पाळली नाही तर काय, हे कुठं लिहिलंच नव्हतं.

अपडेट अडतं कुठं, हे इथं समजून घ्यायला हवं. गूगल नवी आवृत्ती खुली करतं. मग चिप बनवणारी कंपनी तिच्यासाठी आपल्या चिपचे ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, तयार करते. त्यावर फोन कंपनी कॅमेरा, फिंगरप्रिंट, डिस्प्ले, सिमचं मोडेम हे सगळं जुळवते आणि आपला थर चढवते, म्हणजे सॅमसंगचं वन यूआय किंवा शाओमीचं हायपरओएस. मग चाचणी. आणि शेवटी वाटप: आधी थोड्या फोनांना, तक्रारी आल्या नाहीत तर टप्प्याटप्प्यानं सगळ्यांना. म्हणून एकाच घरातल्या दोन सारख्या फोनांत एकाला अपडेट आज येतं आणि दुसऱ्याला पंधरा दिवसांनी. त्यात फोनचा दोष नसतो. चिपवाल्यानं हात वर केले की पुढचं सगळं फार कठीण होतं. नेदरलँड्सच्या फेअरफोन कंपनीनं ते करून दाखवलं. 2015 च्या अखेरीस आलेल्या फेअरफोन 2 ची चिप क्वालकॉमनं सोडून दिल्यावरही तिनं तो फोन अँड्रॉइड 10 पर्यंत नेला आणि मार्च 2023 पर्यंत सांभाळला. पण तिला सांभाळायची मॉडेलं होती किती? बोटांवर मोजण्याइतकी. प्रत्येक मॉडेलसाठी ही सगळी साखळी नव्यानं जोडावी लागते. वर्षाला वीस मॉडेलं काढणाऱ्या कंपनीचे अभियंते जुन्या फोनांना वेळ कुठून देणार?

भारतात मॉडेलांचा पूर आला तो 2014 ते 2019 या काळात. ऑनलाइन फ्लॅश सेल सुरू झाले, सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. औरंगाबादच्या पैठण गेटपासून (शहराचं नाव अजून बदललं नव्हतं) तालुक्याच्या बसस्टँडपर्यंत मोबाइलच्या दुकानांची रांग लागली. शाओमीचा रेडमी नोट 5 भारतात फेब्रुवारी 2018 मध्ये आला, नोट 6 प्रो त्याच नोव्हेंबरमध्ये आणि नोट 7 फेब्रुवारी 2019 च्या शेवटी. वर्षभरात एकाच मालिकेच्या तीन पिढ्या. वनप्लसनंही काही वर्षं जूनच्या सुमारास एक आणि हिवाळ्यात त्याचंच ‘टी’ जोडलेलं सुधारित मॉडेल असा रतीब लावला होता. नव्या मॉडेलचा दिवस हीच मोठी जाहिरात असते, आणि प्रतिस्पर्ध्याचा फोन आला की महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. फोन खरंच सुधारला म्हणून नवं मॉडेल आलं, असं फार कमी वेळा घडलं. पुष्कळदा तोच फोन मागचं कव्हर आणि नाव बदलून दुसऱ्या ब्रँडखाली विकला गेला.

याचा फटका दुरुस्तीच्या टेबलावर बसतो. प्रत्येक मॉडेलचा कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र, वेगळा. चार्जिंग जॅकची पट्टी वेगळी, बॅटरीचं कनेक्टर वेगळं. गंगाखेड किंवा अंबडसारख्या तालुक्याच्या गावातला दुकानदार किती प्रकार भरून ठेवणार? तो खपणाऱ्या मोजक्या मॉडेलांचा माल ठेवतो, बाकीचा जिल्ह्याहून मागवतो, आणि दोन वर्षांपूर्वीच्या मॉडेलला मूळ कॉम्बो मिळाला नाही तर हलक्या प्रतीचा बसवतो. मग टच आपोआप चालायला लागतो, उन्हात स्क्रीन दिसत नाही, आणि गिऱ्हाईक म्हणतं फोनच खराब.

इच्छा असेल तर काय होतं, याचा एक नमुना बघण्यासारखा आहे. जानेवारी 2017 मध्ये शाओमीनं भारतात रेडमी नोट 4 आणला आणि सप्टेंबरमध्ये एमआय ए1. दोन्हींत चिप एकच, स्नॅपड्रॅगन 625. नोट 4 अँड्रॉइड 7 वर थांबला, ए1 मात्र अँड्रॉइड 9 पर्यंत गेला. फरक एवढाच, की ए1 गूगलच्या अँड्रॉइड वन योजनेतला होता आणि तिथं दोन वर्षांचा शब्द दिलेला होता. ही योजना सप्टेंबर 2014 मध्ये भारतातूनच सुरू झाली होती, मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइसच्या साडेसहा हजारांच्या आतल्या फोनांनी. तेव्हा ती फारशी चालली नाही. लोकांनी त्याच पैशात जास्त मेगापिक्सेल मागितले.

अपडेटच्या चर्चेला सुरक्षेचं वळण मिळालं 2015 च्या जुलैमध्ये. अँड्रॉइडचा व्हिडिओ वाचणारा जो भाग होता, स्टेजफ्राइट, त्यात अशी चूक सापडली की नुसता एक एमएमएस पाठवून फोनचा ताबा घेता येत होता. पुढच्याच महिन्यात गूगल आणि सॅमसंगनं दरमहा सुरक्षा अपडेट द्यायचं जाहीर केलं. तेव्हापासून अपडेटचे दोन प्रकार झाले आणि गोंधळही. अँड्रॉइड 14 वरून 15 वर जाणं म्हणजे आवृत्ती बदलणं; त्यात दिसणं बदलतं, नव्या सोयी येतात, फोन जडही होऊ शकतो. सुरक्षा पॅच मात्र काहीशे एमबीचा असतो, दिसण्यात काही बदलत नाही, फक्त सापडलेली भोकं बुजतात. ‘अपडेट केलं की फोन स्लो होतो’ ही तक्रार बहुतेक वेळा पहिल्या प्रकाराची असते, आणि तिच्यापायी लोक दुसराही बंद करून ठेवतात.

तक्रार मात्र पोकळ नाही. डिसेंबर 2017 मध्ये ॲपलनं कबूल केलं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांचा वेग ते सॉफ्टवेअरमधून कमी करत होते; कारण थकलेल्या बॅटरीला एकदम जास्त करंट झेपत नाही आणि फोन मधेच बंद पडतो. कारण तांत्रिकदृष्ट्या खरं होतं, पण गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. 2018 मध्ये इटलीनं ॲपलला एक कोटी युरो आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केला. सॅमसंगवर ठपका होता गॅलेक्सी नोट 7 साठी बेतलेलं सॉफ्टवेअर जुन्या गॅलेक्सी नोट 4 वर टाकायला लावल्याचा. 2021 च्या सुरुवातीला शाओमीच्या एमआय ए3 चे कितीतरी फोन अँड्रॉइड 11 टाकताच डेड झाले आणि कंपनीला अपडेट मागं घ्यावं लागलं.

स्वस्त फोनांत अडचण आणखी वेगळी. त्यांत ईएमएमसी जातीचं स्टोरेज असतं. ते भरत आलं की माहिती लिहिण्याचा वेग एकदम घटतो, आणि नवी आवृत्ती नेमकी जास्त जागा आणि जास्त रॅम मागते. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना 2019 मध्ये शासनानं 2 जीबी रॅमचे फोन दिले. 2021 मध्ये अंगणवाडीच्या नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर ॲप आलं, ते या फोनांना पेलेना. फोन गरम होतात, हँग होतात, दुरुस्तीला हजारो रुपये लागतात, म्हणून ऑगस्टमध्ये सेविकांनी राज्यभर ते परत केले. दोन वर्षांत फोन निकामी झाला तो तुटला म्हणून नव्हे. ॲप पुढं गेलं आणि फोन मागं राहिला.

शेतकऱ्याच्या बाबतीत हेच ई-पीक पाहणीचं. 15 ऑगस्ट 2021 पासून सातबाऱ्यावर पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवरून करायची सोय झाली. ॲपच्या नव्या आवृत्त्या येत राहतात, जुनी चालत नाही. लोकेशन आणि फोटो दोन्ही लागत असल्यानं जुना फोन बांधावर नेऊन हात हलवत परत यावं लागतं. व्हॉट्सॲपनं ऑक्टोबर 2023 मध्ये अँड्रॉइड 5 च्या खालचे फोन सोडले, आणि 2025 च्या ऑगस्टपासून क्रोमची नवी आवृत्ती अँड्रॉइड 10 च्या खाली येत नाही. रेडमी नोट 4 सारखा फोन हातात धड असला तरी अशा रीतीनं एकेक दार बंद होत जातं.

वाट सुधारली ती आधी पडद्यामागं. 2017 मध्ये अँड्रॉइड 8 सोबत गूगलची प्रोजेक्ट ट्रेबल ही नवी रचना आली. चिपवाल्याचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग वेगळे केले गेले, त्यामुळे दरवेळी सगळं नव्यानं जुळवायची गरज कमी झाली. 2019 मध्ये मेनलाइन नावाच्या सोयीमुळे अँड्रॉइडचे काही महत्त्वाचे भाग थेट प्ले स्टोअरमधून दुरुस्त व्हायला लागले. डिसेंबर 2020 मध्ये क्वालकॉम आणि गूगलनं नव्या चिपांना चार वर्षं सुरक्षा अपडेटचा आधार दिला. मग आकड्यांची चढाओढ लागली. सॅमसंगनं 2022 मध्ये निवडक फोनांना चार आवृत्त्या आणि पाच वर्षं सुरक्षा देऊ केली, ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या पिक्सेल 8 फोनला गूगलनं सात वर्षं दिली, जानेवारी 2024 मध्ये गॅलेक्सी एस24 ला सॅमसंगनंही. त्याच वर्षी सॅमसंगच्याच स्वस्तातल्या ए16 5जी ला सहा आवृत्त्या आणि सहा वर्षं. कंपन्यांना पाझर फुटला असं नाही. लोक फोन जास्त वर्षं वापरायला लागले आणि युरोपातला कायदा डोळ्यांसमोर दिसत होता.

तो कायदा 20 जून 2025 पासून लागू झाला. मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट, सुटे भाग सात वर्षं, आणि 800 वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीत 80 टक्के क्षमता. सगळ्यात महत्त्वाचं आहे ते मोजणी विक्री थांबल्यापासून करणं. मॉडेल जितकं जास्त काळ विकाल तितकी जबाबदारी लांबते, आणि मॉडेलं जितकी जास्त तितकी ती वाढत जाते. भारतात असं बंधन नाही. दुरुस्ती किती सोपी याचा निर्देशांक ठरवायला ग्राहक व्यवहार विभागानं 2024 मध्ये समिती नेमली, पण अपडेटची मुदत सक्तीची झालेली नाही.

आमचं मत सांगायचं तर पंधरा हजारांच्या आतल्या फोनांत एका मालिकेत दोन वर्षांत एक मॉडेल पुरे. आवृत्त्या दोन-तीन मिळाल्या तरी चालेल, पण सुरक्षा पॅच विक्री थांबल्यानंतर पाच वर्षं यायलाच हवा. सुरुवातीला दरमहा, नंतर तीन महिन्यांनी आला तरी हरकत नाही. 4 जीबी रॅमच्या फोनवर सहावी आवृत्ती चढवण्याचा हट्ट कोणाच्याच कामाचा नाही.

दुकानात फोन हातात असताना बघायचं ते एवढं: सेटिंग्ज, मग अबाउट फोन, त्यात अँड्रॉइड सुरक्षा अपडेटची तारीख. सीलबंद खोक्यातल्या फोनची तारीख जुनी दिसेल, म्हणून वायफायवर सगळे अपडेट घेऊन पुन्हा बघा. तरीही तारीख सहा महिन्यांहून मागं राहिली, तर त्या मॉडेलला कंपनीनं सोडल्यात जमा आहे. मॉडेल बाजारात आल्याची तारीख दुकानदाराच्या तोंडी न घेता कंपनीच्या साइटवरून काढा.

आवृत्ती बदलताना निदान सहा-सात जीबी जागा मोकळी, बॅटरी निम्म्याच्या वर, आणि फोटोंची प्रत दुसरीकडे. एकदा वर गेलं की खाली येणं जवळपास अशक्य; बऱ्याच फोनांत जुनी आवृत्ती परत टाकायला कुलूप असतं आणि जबरदस्ती केली तर फोन डेड होतो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा 42 च्या वर असताना हे काम दुपारी करू नये. अपडेटनंतर फोन सगळी ॲपं नव्यानं बसवत तासभर तापतो, आणि बरेच फोन 35 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बेतलेले असतात. ॲमोलेड स्क्रीनवर अपडेटनंतर उभी हिरवी रेघ आल्याच्या तक्रारी पुष्कळ झाल्या, काही कंपन्यांनी स्क्रीन फुकट बदलूनही दिली. त्यात उष्णतेनं सैल झालेल्या स्क्रीन-जोडणीच्या पट्टीचा हात असतो असं दुरुस्तीवाले सांगतात. तेव्हा रात्री, कव्हर काढून, चार्जर न लावता. आणि ज्या फोनचे पॅच बंद झालेत तो गाणी-व्हिडिओला खुशाल वापरा, पण त्यातलं यूपीआय आणि बँकेला जोडलेलं सिम काढून घ्या.