यू-वक्राची उलटतपासणी

परदेशी शिकायला जाणाऱ्यांना सांगितली जाणारी एक गोष्ट मला फार वर्षांपासून खटकते. पहिले काही महिने सगळे छान वाटते, मग मन खचते आणि वर्ष-दीड वर्षात माणूस सावरतो, अशी ती गोष्ट. कागदावर काढली की इंग्रजी यू अक्षर दिसते. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९६० साली यातल्या पहिल्या टप्प्याला ‘हनीमून’ म्हटले आणि ते नाव चिकटले ते चिकटलेच.

हा यू आला कुठून? १९५५ साली स्वेर्रे लिसगार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियनांच्या मुलाखतींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले तिथे बरे रुळले होते, अठरा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलेही. मधल्या मुदतीचे लोक मात्र तितके रुळलेले नव्हते.

आता नीट पाहा. हे तीन वेगवेगळ्या माणसांचे गट आहेत! तीन झाडांची उंची एकाच दिवशी मोजायची, ठिपके जोडायचे आणि ही एका झाडाची वाढ म्हणायचे, तसा हा प्रकार. अशा पाहणीला आडवा छेद म्हणतात. त्यात काळ दिसतो खरा, पण तो माणसामाणसांतल्या फरकाचा वेश घेऊन आलेला असू शकतो. समजा, शंभर जण गेले आणि कोणाच्याही मनःस्थितीत तसूभर बदल झाला नाही. ज्यांना करमले नाही ते वर्षभरात परतले, ज्यांना मानवले ते दोन वर्षे राहिले. तरीही आलेखाची उजवी बाजू वर चढेल. कोणीही सावरलेले नसताना सावरल्याची रेषा तयार!

‘परदेशात शिका, आयुष्य बदला’ या जाहिरातींतही हीच चूक असते. जाणारे मुळातच धाडसी किंवा सुस्थितीतले असतील, तर पुढच्या यशाचे श्रेय प्रवासाला कसे द्यायचे? मत्थियास पॅरे आणि फॅबियन वाल्डिंगर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली यावर सुंदर तोड काढली. १९८७ मध्ये सुरू झालेली इरॅस्मस ही युरोपातली विद्यार्थी-देवाणघेवाण योजना जर्मनीतल्या विद्यापीठांच्या सगळ्या विभागांत एकाच वेळी पोहोचली नव्हती. म्हणजे संधी मिळणे हे विद्यार्थ्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या विभागावर आणि वर्षावर अवलंबून होते. हा धागा धरून त्यांनी दाखवले की परदेशी शिकल्याने पुढे परदेशात नोकरी करण्याची शक्यता सुमारे १५ टक्केबिंदूंनी वाढते. आयुष्य बदलण्यापेक्षा हा दावा लहान आहे, पण तपासलेला आहे.

यूसाठी उपाय सरळ आहे, फक्त कष्टाचा: त्याच माणसांना पुन्हा पुन्हा विचारायचे. मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये आलेल्या ३५ जपानी विद्यार्थ्यांना पोहोचल्यापासून २४ तासांच्या आत गाठले, नंतर चौथ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात. १९९८ साली निष्कर्ष आला. त्रास सर्वांत जास्त होता तो अगदी सुरुवातीलाच. हनीमून नव्हताच. संख्या लहान आहे आणि पहिल्या दिवशी प्रवासाचा शीणही असणार, पण ही तीच ३५ माणसे होती.

तरी अजून कित्येक ठिकाणी नवख्यांना सांगतात, ‘सध्या मजा करा, अवघड काळ पुढे आहे.’ पहिल्याच रात्री खोलीत एकटा रडणारा विद्यार्थी मग समजतो की आपल्यातच काहीतरी बिघडले आहे. समुपदेशकाचा दूरध्वनी क्रमांक त्याच्या हाती त्या पहिल्या दिवशीच असायला हवा.