कन्सोलमध्ये जागा वाढवणं महाग का पडतं? मेमरी कार्डापासून एम.२ पर्यंतची पार्श्वभूमी

"भाऊ, पीएस ५ मध्ये एक टीबी टाकायचंय, कितीत होईल?" पीएस ५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ हा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल, आणि एक टीबी म्हणजे साधारण हजार जीबी. नागपूरच्या बर्डीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत हा प्रश्न आता नेहमीचा झालाय. उत्तर मात्र दर काही दिवसांनी बदलतं. २०२३ मध्ये फ्लॅश मेमरीचे, म्हणजे साठवणुकीच्या चिपचे, भाव तळाला गेले होते. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटर्सनी चिप उचलायला सुरुवात केली आणि भाव उलटे चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या चिप बनवणाऱ्या कंपनीनं आपला 'क्रूशियल' हा किरकोळ विक्रीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. पीएस ५ साठी बरेच जण याच ब्रँडच्या एसएसडी (फिरत्या डिस्कऐवजी चिपवर साठवणाऱ्या ड्राइव्ह) घेत होते.

पण ही झाली चिपची चढउतार. कन्सोलमधली जागा एरवीही महाग का पडते, याची कारणं जुनी आहेत आणि ती दोन आहेत: जागा वाढवायची खाच कोणाच्या मालकीची, आणि त्या खाचेतून वेग किती लागतो.

पहिल्या प्लेस्टेशनचं मेमरी कार्ड १२८ केबीचं होतं. त्यात १५ ब्लॉक मिळत. पीएस २ चं कार्ड ८ एमबीचं. गेम डिस्कवरूनच चालायचा, कार्डावर फक्त खेळ कुठवर आला त्याची नोंद राहायची. त्यामुळे कार्ड भरलं तरी जुन्या नोंदी पुसून काम भागायचं. मायक्रोसॉफ्टच्या २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये ८ जीबीची हार्ड डिस्क आतच बसवलेली आली. ती पासवर्डनं त्या यंत्राशी बांधलेली होती, म्हणजे काढून दुसरी लावायची सोयच नव्हती.

खाचेचं राजकारण खऱ्या अर्थानं २००५ च्या एक्सबॉक्स ३६० पासून दिसतं. अमेरिकेत त्याच्या ६४ एमबीच्या मेमरी युनिटचा भाव ३९.९९ डॉलर होता आणि २० जीबीच्या सुट्या हार्ड डिस्कचा ९९.९९ डॉलर, म्हणजे एका जीबीला ५ डॉलर. २००७ मध्ये १२० जीबीची डिस्क १७९.९९ डॉलरला आली. प्लास्टिकचं कवच उघडलं की आत लॅपटॉपची साधी २.५ इंची साटा (डिस्क जोडायची तेव्हाची सर्रास पद्धत) डिस्क निघायची. पण बाजारातली तशीच डिस्क लावली तर कन्सोल ती घ्यायचा नाही, कारण डिस्कच्या एका ठरावीक भागात लिहिलेली सुरक्षा-खूण तो तपासायचा. २००९ मध्ये तर एका अपडेटनं इतर कंपन्यांची स्वस्त मेमरी युनिटं चालेनाशी केली. २०१० मध्ये साध्या पेन ड्राइव्हला परवानगी मिळाली, तीही सुरुवातीला १६ जीबीपर्यंतच.

त्याच काळात सोनीनं उलट रस्ता धरला. पीएस ३ भारतात एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना आला. त्यात बाजारात मिळणारी कुठलीही २.५ इंची साटा डिस्क बसत होती. अट एकच, जाडी ९.५ मिलिमीटरच्या वर नको. १२.५ मिलिमीटरची जाड डिस्क घेऊन बसलेल्यांना ती परत करावी लागे. पीएस ४ मध्येही हीच सोय राहिली, आणि मार्च २०१७ च्या ४.५० अपडेटनंतर २५० जीबी ते ८ टीबीची यूएसबी ३.० डिस्क बाहेरून जोडता येऊ लागली. एक्सबॉक्स वननं ही बाहेरची डिस्क जून २०१४ पासूनच चालू केली होती. मात्र सोनीला कायमची ग्राहकस्नेही म्हणता येत नाही. २०११-१२ मध्ये आलेल्या पीएस व्हिटा या हातात धरायच्या कन्सोलसाठी तिनं स्वतःचंच कार्ड काढलं आणि ३२ जीबीला ९९.९९ डॉलर लावले. साधी मायक्रोएसडी कार्डं तेव्हा त्याच्या काही अंश किमतीत मिळत होती. चांगल्या यंत्राची विक्री या कार्डानं अडवली, असं आमचं ठाम मत आहे.

दुसरं कारण वेगाचं. ते नीट समजलं की आजच्या किमतीही समजतात.

डिस्कवरून गेम चालवणं हळूहळू बंद झालं आणि पूर्ण गेम हार्ड डिस्कवर उतरवणं सक्तीचं झालं. पण हार्ड डिस्कची सुई एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जायला वेळ घेते. मार्क सर्नी हे पीएस ५ चे मुख्य रचनाकार. त्यांनी १८ मार्च २०२० च्या तांत्रिक भाषणात याचं नेमकं उदाहरण दिलं. स्पायडर-मॅनसारख्या गेममध्ये रस्त्यावरची टपालपेटी प्रत्येक भागात दिसते. सुई प्रत्येक वेळी लांब पळू नये म्हणून तिच्यासारख्या वस्तूंच्या डिस्कवर तब्बल ४०० पर्यंत प्रती ठेवलेल्या होत्या. एकच पेटी, चारशे वेळा साठवलेली. हार्ड डिस्कचा खरा वेग त्यांनी सेकंदाला ५० ते १०० एमबी सांगितला. वेग कमी, म्हणून प्रती जास्त, म्हणून गेम जाड. एसएसडीला सुईच नसते, त्यामुळे तिच्यावर अशा प्रती ठेवाव्या लागत नाहीत. २०२५ च्या अखेरीस हेलडायव्हर्स २ च्या पीसी आवृत्तीतून या प्रती काढल्या, तेव्हा गेम सुमारे १५० जीबीवरून २३ जीबीवर आला. चित्रांची सुस्पष्टता वाढल्यानं गेम मोठे होतात हे खरं, पण अंगावर चढलेली सगळी चरबी त्यामुळेच आलेली नाही.

म्हणून २०२० च्या पिढीनं हार्ड डिस्क सोडली. पीएस ५ मध्ये ८२५ जीबीची एसएसडी आली, वेग सेकंदाला ५.५ जीबी. यंत्रणेचा भाग वगळून वापरायला उरतात ६६७ जीबी. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये १ टीबीपैकी सुमारे ८०२ आणि सिरीज एसमध्ये ५१२ पैकी ३६४ जीबी हाती येतात. १०० जीबीचे गेम धरले तर सिरीज एसमध्ये तीन, फार तर साडेतीन. या पिढीसाठी बनलेला गेम यूएसबी डिस्कवर ठेवता येतो, पण तिथून चालत नाही, कारण तो तेवढा वेग गृहीत धरूनच लिहिलेला असतो. इथं जागा आणि वेग यांची किंमत एकत्र झाली.

मायक्रोसॉफ्टनं पुन्हा बंद खाच निवडली. मागच्या बाजूला घुसवायचं खास कार्ड, २०२० मध्ये एकाच कंपनीचं, १ टीबीला २१९.९९ डॉलर. सिरीज एसची किंमत तेव्हा २९९ डॉलर होती, म्हणजे कन्सोलच्या जवळपास तीन चतुर्थांश रक्कम नुसत्या जागेला. २०२३ मध्ये दुसरी कंपनी बाजारात उतरली आणि तेच कार्ड १४९.९९ डॉलरवर आलं. स्पर्धा आल्याबरोबर ७० डॉलर उतरले, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कार्डाची सोय मात्र खरी आहे. स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही, आणि कार्ड काढून मित्राच्या सिरीज कन्सोलमध्ये लावलं तर गेम तसेच चालतात.

सोनीनं एम.२ ची, म्हणजे कॉम्प्युटरच्या पट्टीसारख्या चपट्या एसएसडीची, खाच ठेवली, पण ती लगेच उघडली नाही. सर्नींनी त्याच भाषणात लोकांना, आम्ही सांगेपर्यंत ड्राइव्ह घेऊ नका, असं बजावलं होतं. भारतात पीएस ५ चा पहिला विक्रीदिवस २ फेब्रुवारी २०२१, किंमत ४९,९९० रुपये. खाच सगळ्यांसाठी सुरू झाली १५ सप्टेंबर २०२१ ला. मधले सात महिने ग्राहकाकडे गेम पुसण्याखेरीज, किंवा एप्रिलपासून ते यूएसबीवर हलवण्याखेरीज, फारसा इलाज नव्हता. सुरुवातीला कमाल ४ टीबी चालत होती, सप्टेंबर २०२३ पासून ८ टीबी चालते.

दुकानात काय मागायचं ते आता. पीसीआयई जेन ४ x४ एनव्हीएमई एसएसडी (साटापेक्षा वेगवान जोडणीची, चौथ्या पिढीची), वाचनाचा वेग सेकंदाला किमान ५,५०० एमबी, लांबी शक्यतो २२८० (२२ मिलिमीटर रुंद, ८० लांब), आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी). हीटसिंक धरून एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत हवी: बोर्डाच्या वर ८ आणि खाली २.४५ पर्यंत. रुंदी २५ मिलिमीटरच्या आत. काउंटरवर ड्राइव्ह हातात घेऊन सोनेरी दातांकडे बघा. दातांमध्ये दोन खाचा दिसल्या तर ती बहुतेक साटा एम.२ असते. दिसायला सारखी, पण पीएस ५ मध्ये चालत नाही. जेन ३ ची स्वस्त ड्राइव्ह बसते छान, पण कन्सोल ती स्वीकारत नाही. स्वतःची डीरॅम (तात्पुरती वेगवान मेमरी) नसलेल्या ड्राइव्ह कॉम्प्युटरची मेमरी उसनी घेतात. ती सोय पीएस ५ देत नाही, त्यामुळे वेग थोडा घटू शकतो. अमेरिकेतले भाव बघून तुलना करत असाल तर तिथल्या छापील भावात कर नसतो आणि आपल्याकडे एसएसडीवर १८ टक्के जीएसटी आहे, हे धरून चाला.

बसवणं पंधरा मिनिटांचं काम. आधी यंत्रणेचं अपडेट करून घ्या. कन्सोल पूर्ण बंद करा, रेस्ट मोडवर (अर्धवट झोपेत) नव्हे. सगळ्या वायरी काढून तो गार होऊ द्या. पहिल्या मोठ्या मॉडेलमध्ये डिस्क ड्राइव्हच्या विरुद्ध बाजूचं पांढरं कवच उचलून सरकवलं की धातूची लांब झाकणपट्टी दिसते. तिचा एक स्क्रू काढा. आत ११०, ८०, ६०, ४२, ३० असे आकडे कोरलेले आहेत. टोकाकडचा छोटा स्क्रू आणि त्याखालचा स्पेसर (छोटी कडी) काढून स्पेसर ८० च्या भोकात ठेवा. हा स्पेसर विसरला तर ड्राइव्ह स्क्रूखाली वाकते. ड्राइव्ह तिरकी घालून शेवटपर्यंत सरकवा, खाली दाबा, स्क्रू लावा. फार आवळू नका, डोकं झिजलं की पुढच्या वेळी निघत नाही. झाकणपट्टी परत लावायचीच, हवेचा मार्ग तिच्यासकट आखलेला आहे. चालू केल्यावर कन्सोल स्वतःच फॉरमॅट विचारतो आणि मोजलेला वेग दाखवतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक बारीक आहे. सुटा हीटसिंक घेतला तर त्याच्या थर्मल पॅडवर (उष्णता पुढे नेणाऱ्या मऊ पट्टीवर) पातळ पारदर्शक किंवा निळसर फिल्म असते, ती काढायची राहून जाते. मग उष्णता हीटसिंकपर्यंत नीट पोचतच नाही. दिवाळीत बसवलेली अशी ड्राइव्ह मेमध्ये त्रास देते. नागपूरचा नोंदलेला उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९ अंश. पीएस ५ साठी सोनीनं खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश सांगितलंय. ड्राइव्हमधली कंट्रोलर चिप तापली की ड्राइव्ह स्वतःहून वेग उतरवते आणि गेम मधेच अडखळतो. त्यावर कूलरच्या झोतासमोर कन्सोल ठेवणं हा उपाय नाही: त्या हवेत ओल असते आणि जाळीतून धूळही येते. भिंतीपासून वीतभर पुढे, टीव्हीच्या बंद कपाटाबाहेर ठेवा आणि दुपारी लांबलचक खेळणं टाळा.

प्रत्येकाला एसएसडीची गरज नसते, हेही दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. १०० एमबीपीएसच्या ब्रॉडबँडवर १०० जीबीचा गेम उतरायला सुमारे सव्वादोन तास लागतात, ४० एमबीपीएसवर साडेपाच तासांच्या वर. तोच गेम साध्या यूएसबी हार्ड डिस्कवरून सेकंदाला १०० एमबीनं परत आणायला सतरा मिनिटं. एप्रिल २०२१ च्या अपडेटपासून पीएस ५ चे गेम यूएसबीवर ठेवता येतात, चालवायचे तेव्हा आत घ्यायचे. पीएस ४ चे गेम तर थेट यूएसबीवरूनच चालतात, त्यांना महागडी एसएसडी अडवू नका. कॉपी चालू असताना लाइट गेली तर कन्सोल चालू होताना डिस्क दुरुस्तीला घेतो, म्हणून इन्व्हर्टरवर असताना मोठी कॉपी लावा.

निन्टेन्डोची गोष्ट थोडक्यात. स्विचमध्ये ३२ जीबी होते आणि साधं मायक्रोएसडी चालायचं. जून २०२५ च्या स्विच २ मध्ये २५६ जीबी आहेत, पण गेमसाठी फक्त मायक्रोएसडी एक्सप्रेस चालतं. २५६ जीबीच्या एक्सप्रेस कार्डाचा अमेरिकेतला भाव ६० डॉलरच्या आसपास होता. जुनं कार्ड त्यात फक्त फोटो-व्हिडिओ हलवण्यापुरतं. खाच मात्र उघडी, त्यामुळे कार्ड कुठल्याही कंपनीचं घेता येतं. नकली कार्ड मोठी जागा दाखवतं आणि भरत गेलं की आधीचं पुसतं, तेव्हा घेतल्याच दिवशी एच२टेस्टडब्ल्यूसारख्या प्रोग्रॅमनं ते पूर्ण भरून तपासा.

कन्सोल विकायची वेळ आली की खाचेचा फरक पुन्हा पैशात दिसतो. पीएस ५ मधली एम.२ काढून फॉरमॅट केली की ती कॉम्प्युटरमध्ये वर्षानुवर्षं चालते. एक्सबॉक्सच्या कार्डाला गिऱ्हाईक दुसरा सिरीज कन्सोलवालाच. बऱ्याच जेन ४ ड्राइव्हला पाच वर्षांची वॉरंटी असते, म्हणून पक्कं बिल, त्यावर ड्राइव्हचा सीरियल नंबर, आणि खोका, तिन्ही जपून ठेवा.