कुत्र्याचं खाणं बदलतं ठेवावं का?

१८१६ साली फ्रान्स्वा माझांदी या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने एक क्रूर प्रयोग केला. कुत्र्याला साखर आणि पाणी, एवढंच द्यायचं. सुरुवातीचे काही दिवस कुत्रा मजेत होता. मग तो खंगत गेला, डोळ्यांच्या पारदर्शक पटलावर व्रण पडले आणि महिनाभरात तो मेला. साखरेच्या जागी ऑलिव्ह तेल, डिंक, लोणी देऊन पाहिलं; शेवट तोच. नायट्रोजन असलेलं काहीतरी, म्हणजे आज ज्याला आपण प्रथिनं म्हणतो ते, खाण्यात असल्याशिवाय प्राणी जगत नाही हे त्यातून पुढे आलं.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी एडवर्ड मेलन्बी या ब्रिटिश संशोधकाने पिल्लांना घरात, उन्हापासून दूर ठेवून मुख्यतः ओटच्या लापशीवर वाढवलं. पिल्लांची हाडं मऊ पडून वाकली, त्यांना मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताचं तेल दिल्यावर तो टळला. मेलन्बींनी हे १९१९ मध्ये जाहीर केलं आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट मोकळी झाली. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेहेम या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने मक्यावर पोसलेल्या, जीभ काळी पडलेल्या कुत्र्यांना निकोटिनिक आम्ल, म्हणजे नायसिन हे ‘ब’ गटातलं जीवनसत्त्व दिलं आणि ती बरी झाली. माणसांतल्या पेलाग्रा या रोगाचं कोडंही त्याच धाग्याने सुटलं. माणसाच्या आहारशास्त्राचा बराचसा पाया असा कुत्र्यांच्या एकसुरी जेवणावर उभा आहे.

या तिन्ही कहाण्या ऐकून ‘म्हणजे खाण्यात बदल हवा’ असं कोणीही म्हणेल. पण ती कुत्री एकसुरीपणाने आजारी पडली नव्हती. एका ठरावीक घटकाच्या अभावाने पडली होती. मेलन्बींच्या पिल्लांना ओटऐवजी आलटून-पालटून तांदूळ, गहू आणि बटाटा दिला असता तर वाटीत रोज वेगळं काही दिसलं असतं, आणि हाडं तरीही वाकलीच असती. कारण या चारही पदार्थांत ‘ड’ जीवनसत्त्व नाही. पाळीव कुत्र्याच्या ‘फिरत्या आहारा’बद्दल, म्हणजे खाद्य आलटून-पालटून देण्याबद्दल, जो वाद चालतो, त्यात नेमकी हीच गोष्ट निसटते.

कुत्र्याच्या शरीराला बाहेरून पस्तीस-चाळीस पोषक घटक लागतात. कोणते लागतात आणि कोणते लागत नाहीत, हे आपल्या अंदाजाने ठरवता येत नाही, कारण या बाबतीत कुत्रा आपल्यासारखाही नाही आणि मांजरासारखाही नाही. ‘क’ जीवनसत्त्व तो आपल्या यकृतात स्वतः बनवतो, त्यामुळे संत्र्या-लिंबांची त्याला गरज नाही. उलट ‘ड’ जीवनसत्त्व आपल्याला उन्हातून मिळतं, त्याला जवळजवळ मिळत नाही. त्याची त्वचा ते पुरेसं तयार करू शकत नाही, म्हणून ते खाण्यातूनच यावं लागतं. गाजरातल्या बीटा-कॅरोटिनपासून तो ‘अ’ जीवनसत्त्व बनवतो. मांजराला ते जमत नाही. आणि पिष्टमय पदार्थ कुत्र्याला पचत नाहीत हा समज तर सरळ चुकीचा आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की पिष्ट पचवणारं अमायलेझ बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात, तर कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. माणसाच्या सोबतीने राहता राहता त्याचं पोट बदललं. सगळ्यांचं सारखं नाही: सायबेरियन हस्कीत या प्रती कमी आढळतात. त्यामुळे ‘कुत्रा म्हणजे घरातला लांडगा, त्याला फक्त मांस द्या’ हा सल्ला देणाऱ्याकडे मी जरा साशंक नजरेनेच पाहतो.

आता घरी शिजवलेल्या खाण्याकडे येऊ, कारण ‘आम्ही रोज वेगळं देतो’ हे वाक्य इथेच जास्त ऐकू येतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी निरोगी प्रौढ कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून जमवल्या आणि प्रत्येकीतले पोषक घटक मोजले. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी होता, आणि बहुतेकींत एकाहून जास्त. यातल्या बऱ्याच पाककृती पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या! पण मला त्या अभ्यासातली खरी बातमी पुढची वाटते. कमतरता विखुरलेल्या नव्हत्या. जस्त, कोलीन, तांबं, ‘ड’ आणि ‘ई’ जीवनसत्त्व, ओमेगा-३ मेदाम्लं, तीच तीच नावं पुन्हा पुन्हा येत होती. म्हणून संशोधकांनी स्पष्टच लिहिलं की अनेक ठिकाणच्या पाककृती आलटून-पालटून वापरल्या तरी आहार संतुलित होण्याची शक्यता कमी आहे. एका पाककृतीतलं भोक दुसरी बुजवेल ही आशा तेव्हाच खरी ठरते, जेव्हा भोकं वेगवेगळ्या जागी असतात.

कॅल्शियमचं उदाहरण घ्या. सोमवारी कोंबडी, मंगळवारी मेंढीचं मांस, बुधवारी मासा, गुरुवारी अंडी. वाचायला किती छान वाटतं! पण हाडाशिवायच्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो, आणि कुत्र्याला हे दोन घटक साधारण १:१ ते २:१ या प्रमाणात, कॅल्शियमचं पारडं जड ठेवून, हवे असतात. कवच काढलेल्या अंड्याचा आणि काटे काढलेल्या माशाचा झुकावही त्याच बाजूला. म्हणजे आठवडाभर पदार्थ बदलला, चूक बदलली नाही. शरीर काय करतं? रक्तातलं कॅल्शियम घसरू लागलं की पॅराथायरॉइड ग्रंथी कामाला लागतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात सोडतात. प्रौढ कुत्र्याच्या सांगाड्यात साठा मोठा असतो, त्यामुळे हे महिनोन् महिने बिनबोभाट चालू शकतं. कुत्रा खेळतो, त्याची कातडी तुकतुकीत दिसते आणि रक्ततपासणीत कॅल्शियमचा आकडा नॉर्मल येतो. तो आकडा नॉर्मल ठेवण्यासाठीच तर हाडं झिजत असतात! पिल्लाकडे एवढा साठा नसतो. त्याच्यात काही आठवड्यांत लंगडणं, दुखरी हाडं, किरकोळ उडीने फ्रॅक्चर असे प्रकार दिसू लागतात. घाबरून कॅल्शियमच्या गोळ्या द्याव्यात तर ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांना जादा कॅल्शियम आतड्यातच अडवता येत नाही, आणि त्यानेही हाडं बिघडतात.

‘रोजचं जेवण परिपूर्ण नसलं तरी महिन्याभराची गोळाबेरीज जमली की झालं’ हा युक्तिवाद मात्र पूर्ण खोटा नाही. ‘अ’, ‘ड’, ‘ई’ ही मेदात विरघळणारी जीवनसत्त्वं शरीरात साठतात, त्यामुळे प्रौढ, निरोगी कुत्र्याला एखादा दिवस कमी-जास्त झाल्याने काही होत नाही. अट एकच, गोळाबेरीज खरोखर जमायला हवी, आणि ती कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही. प्राण्यांच्या आहारशास्त्रातल्या तज्ज्ञाकडून दोन-तीन पाककृती वजनासकट लिहून घेऊन त्या आलटून-पालटून दिल्या तर तो उत्तम फिरता आहार आहे. फ्रिजमध्ये काय आहे ते बघून वाटी भरणं म्हणजे तो नव्हे.

तयार खाद्याचं गणित सोपं आहे. पाकिटावर ‘संपूर्ण आणि संतुलित’ अशा अर्थाचं विधान असेल, ते कोणत्या वयाच्या कुत्र्यासाठी आहे हे लिहिलेलं असेल, तर ते एकच खाद्य वर्षानुवर्षं देता येतं आणि अशी दोन-तीन खाद्यं फिरवताही येतात. ‘पूरक’ किंवा ‘ट्रीट’ लिहिलेलं पाकीट या फेरीत धरायचं नाही. अशा वरच्या खाऊचा वाटा दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावा असा सर्वसाधारण नियम आहे.

मग फिरवायचं तरी कशाला? मला पटणारं एक कारण जोखमीचं आहे. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात मेलामाइनची भेसळ निघाली, प्राण्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि ढिगाने माल परत मागवावा लागला. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने धान्यविरहित, वाटाणे-मसूर जास्त असलेली खाद्यं आणि हृदयाचे स्नायू ताणले जाऊन पातळ होण्याचा एक आजार यांच्या संभाव्य संबंधाची चौकशी जाहीर केली. कार्यकारण त्यात निर्विवाद सिद्ध झालेलं नाही. पण एखाद्या खाद्यात आज कोणालाच न दिसणारी खोट असू शकते, आणि जो कुत्रा जन्मभर तेवढंच खातो त्याच्या वाट्याला ती पूर्णपणे येते. फिरवाफिरवीने तो वाटा कमी होतो. यासाठी घटकांची यादी मात्र वाचावी लागते. पाकिटावर मेंढीचं चित्र आणि आत कोंबडीची चरबी, हे सर्रास असतं.

दुसरं कारण पिल्लांसाठी आहे. झिंग-यांग कुओ या चिनी मानसशास्त्रज्ञाने चाऊ जातीची पिल्लं जन्मानंतरचे काही महिने वेगवेगळ्या आहारांवर वाढवली. फक्त सोयाबीनवर वाढलेली पिल्लं पुढे दुसऱ्या कशालाही तोंड लावेनात, आणि विविध पदार्थ खाऊन वाढलेली नवं अन्न सहज स्वीकारत. म्हातारपणी मूत्रपिंडाच्या आजारासाठी वेगळं खाद्य सुरू करावं लागतं तेव्हा या सवयीचं मोल कळतं.

‘कुत्र्याला कंटाळा येतो’ हे तिसरं कारण मी जरा खालच्या पायरीवर ठेवीन. कुत्र्याच्या जिभेवर रुचिकलिका सुमारे १७००, आपल्या जिभेवर ९००० च्या आसपास. त्याच्यासाठी खाण्याची खरी मजा वासात आहे, आणि तेच खाद्य थोडं कोमट करून दिलं तरी वास फुलतो. कुत्र्यांना नवं आवडतं हे खरं. पण यातून एक खेळ सुरू होतो: तो वाटीपासून तोंड फिरवतो, आपण काळजीने काहीतरी चविष्ट आणतो, आणि दोनचार वेळा असं झालं की तोंड फिरवायचं हे तो शिकलेला असतो. निरोगी कुत्र्याने एखादं जेवण टाकलं तर वाटी शांतपणे उचलून ठेवावी आणि पुढच्या वेळेला तेच द्यावं. नेहमी वाटी चाटूनपुसून साफ करणारा कुत्रा दिवसभर खात नसेल, तर पदार्थ न बदलता डॉक्टरकडे न्यावं.

खाद्य बदलताना होणारे जुलाब बहुधा घाईचे असतात. स्वादुपिंडाकडून कोणते पाचकरस किती सुटायचे हे रोजच्या अन्नावर बेतलेलं असतं आणि नव्या अन्नाशी जुळायला त्याला काही दिवस लागतात. तोवर अर्धवट पचलेला भाग मोठ्या आतड्यात जातो, पाणी ओढून घेतो, तिथले जिवाणू त्याला आंबवतात. जिवाणूंची वस्तीही नव्या अन्नाप्रमाणे हळूहळू बदलत असते. म्हणून सात ते दहा दिवसांत, आधी पाव हिस्सा नवं, मग अर्धं, मग पाऊण, असं सरकायचं. एकदम तुपकट, चरबीचं जेवण दिल्यावर काही कुत्र्यांना स्वादुपिंडाचा दाहही होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. एक पाकीट संपताना पुढचं मिसळायला घेणं हा मला सर्वांत सोयीचा वेग वाटतो.

फिरत्या आहारात लोक सर्वांत जास्त फसतात ते मात्र मापात. १० किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला ढोबळमानाने ६३० किलोकॅलरी लागतात. एका कोरड्या खाद्यात ग्रॅमला ३.४ किलोकॅलरी असतील तर १८५ ग्रॅम पुरे, दुसऱ्यात ४.४ असतील तर १४३ ग्रॅमच. डब्यातलं ओलं खाद्य ग्रॅमला साधारण १ किलोकॅलरीच देतं. जुनाच मापाचा कप नव्या खाद्यात बुडवला की कुत्रा काही महिन्यांत गोल होतो. आणि वजन ही किरकोळ बाब नाही. लॅब्रॅडॉर जातीच्या ४८ कुत्र्यांवर झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं भरलं, दुसऱ्यांचं ११.२. दोन्ही गटांच्या वाटीत अन्न एकच होतं. वैविध्याने आयुष्य असं वाढल्याचा पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

घरच्या ताटातलं काही फेरीत येणार असेल तर कांदा-लसूण, द्राक्षं-मनुका, चॉकलेट, मॅकाडेमिया नट्स आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोडवा) घातलेले गोड पदार्थ पूर्ण वर्ज्य. कांदा शिजवला तरी तांबड्या पेशी फोडायचं थांबत नाही. यकृत पौष्टिक असलं तरी रोज नको. ‘अ’ जीवनसत्त्व साठत जातं.

राहिली ॲलर्जी. प्रथिनं फिरवली की ॲलर्जी टळते, असं ठामपणे सांगितलं जातं. त्याला भक्कम आधार नाही. अन्नाची ॲलर्जी निघालेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदी २०१६ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या तेव्हा गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७, कोंबडी १५ आणि गहू १३ टक्के कुत्र्यांत दोषी ठरले. निदानाचा भरवशाचा मार्ग म्हणजे कुत्र्याने आधी कधीच न खाल्लेलं प्रथिन किंवा प्रथिनांचे रेणूच तोडून बारीक केलेलं खास खाद्य किमान आठ आठवडे द्यायचं, बाकी काहीही नाही, मांसाच्या चवीची गोळीसुद्धा नाही. आणि खाज थांबली की जुनं अन्न परत देऊन ती उलटते का ते पाहायचं. इथे अति फिरवाफिरवी आड येते. हौसेने ससा, बदक, हरीण, टर्की सगळं चाखवून झालं असेल, तर ‘कधीच न खाल्लेलं’ असं काही हाताशी उरत नाही. दोन-तीन नेहमीच्या प्रथिनांतच फेरी ठेवावी आणि एखाद-दुसरं मुद्दाम राखून ठेवावं. कोणत्या पाकिटात काय होतं याची फोनमध्ये नोंद करत जावी, कारण अंग खाजवणारा कुत्रा घेऊन गेल्यावर पशुवैद्य आधी हेच विचारतील की आजवर याने काय काय खाल्लं आहे.