अंधारात कॅमेऱ्याच्या पदरात काय पडतं

घराच्या राखणीसाठी सीसीटीव्ही कॅमेरे घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक दुकानात पहिला प्रश्न विचारतं तो 'किती मेगापिक्सेल?' हा. दिवसाच्या चित्रासाठी तो योग्यच आहे. पण बहुतेकांना कॅमेरा हवा असतो रात्रीसाठी, आणि रात्री हाच आकडा उलटतो. त्याच आकाराच्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर, दोनऐवजी आठ मेगापिक्सेल बसवले की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला पाव जागा येते. १/२.८ इंची सेन्सरवर २ मेगापिक्सेल असतील तर एकेक पिक्सेल साधारण २.९ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंद असतो; ८ मेगापिक्सेल कोंबले की १.४५ मायक्रॉन. अंगणात पातेलं ठेवा नाहीतर वाटी ठेवा, पाऊस तेवढाच पडतो. साठणारं पाणी मात्र तोंडाच्या क्षेत्रफळावर ठरतं.

प्रकाश कमी पडला की कॅमेरा दोन गोष्टी करतो. मिळालेला संकेत तो वाढवतो, त्याबरोबर गोंगाटही वाढतो आणि चित्रात मुंग्या येतात. दुसरं म्हणजे तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. सहज चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर पुढे जातो. शटर १/२५ सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात तो साडेपाच सेंटिमीटर सरकतो, १/१२ सेकंदात जवळपास बारा. चेहऱ्याची रुंदी पंधरा-सोळा सेंटिमीटर, म्हणजे चेहऱ्याच्या जागी फराटा उरतो. खोक्यावर '०.००१ लक्स' (लक्स म्हणजे पडणारा उजेड मोजायचं एकक) छापलेलं असतं ते कुठल्या शटरला मोजलंय हे लिहिलेलं नसेल, तर त्या आकड्यावर विसंबून पैसे मोजू नयेत. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं, एवढं लक्षात ठेवलं की या दाव्यांचा अंदाज येतो.

त्यापेक्षा भिंगाचा एफ-आकडा बघावा. तो जितका लहान तितका प्रकाश जास्त, आणि वाढ वर्गाच्या पटीत. एफ २.० च्या जागी एफ १.६ घेतलं तर दीडपटीहून थोडा जास्त प्रकाश आत येतो, एफ १.० घेतलं तर चौपट. कमी खर्चात रात्र सांभाळायची असेल तर २ किंवा फार तर ४ मेगापिक्सेल, त्यातल्या त्यात मोठा सेन्सर आणि लहान एफ-आकडा, हा सौदा खरा.

आता कॅमेऱ्यातल्या अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे डोळ्याला न दिसणारा उजेड देणाऱ्या दिव्यांकडे येऊ, कारण सगळी गंमत तिथेच आहे. संध्याकाळी कॅमेऱ्यातून बारीक 'टिक्' असा आवाज येतो आणि चित्र कृष्णधवल होतं. त्या क्षणी सेन्सरपुढची एक छोटी काच विद्युतचुंबकाने बाजूला सरकलेली असते. दिवसा ही काच अवरक्त किरण अडवते. ती का लागते? सेन्सर ज्याचा बनतो त्या सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनला मोकळं करायला साधारण १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते. तेवढी ऊर्जा सुमारे ११०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतच्या प्रकाशकणांत असते. आपला डोळा ७०० च्या आसपास थांबतो, सिलिकॉन मात्र त्यापुढेही पाहत राहतं. पिक्सेलवरचे लाल, हिरवे, निळे रंगगाळण हे पुढचे किरण अडवत नाहीत, सगळे सारखेच सोडून देतात. म्हणून दिवसा काच नसेल तर पानं गुलाबी-जांभळी दिसतील. रात्री काच बाजूला केल्यावर तिन्ही रंगांना जवळपास सारखाच आकडा मिळतो, रंग ओळखायचं साधनच उरत नाही. काळा सुती शर्ट रात्रीच्या चित्रात कित्येकदा पांढुरका दिसतो तो यामुळेच. कापडाचा रंग डोळ्याला दिसणारा प्रकाश शोषतो, अवरक्त परत पाठवतो. 'चोर पांढऱ्या शर्टात होता' असं रेकॉर्डिंग बघून छातीठोकपणे सांगण्याआधी हे आठवावं.

अवरक्त एलईडी दोन जातींचे मिळतात, ८५० आणि ९४० नॅनोमीटरचे. ८५० चे अंधारात मंद लाल दिसतात. ९४० चे दिसत नाहीत, म्हणून 'गुप्त' म्हणून महाग विकले जातात. पण सिलिकॉनमध्ये शिरलेला किरण किती खोल जाऊन शोषला जातो, यावर सगळं ठरतं. हिरवा प्रकाश दीड मायक्रॉनच्या आसपास बराचसा शोषला जातो. ८५० ला तेवढ्याच शोषणासाठी साधारण १९ मायक्रॉन लागतात, ९४० ला ५० हून जास्त. प्रकाश टिपणारा थर ३ मायक्रॉनचा धरला आणि घातांकी नियमाने गणित मांडलं, तर एका फेरीत ८५० चा सुमारे १५ टक्के भाग कामी येतो आणि ९४० चा ५ टक्के. बाकीचा आरपार जातो. नवे सेन्सर मागच्या बाजूने किरण परतवून हा तोटा थोडा भरून काढतात, पण फरक राहतोच. घराच्या फाटकासाठी ८५० घ्यावेत. तो मंद लाल ठिपका दिसला तर बिघडत काही नाही. कॅमेरा चालू आहे हे येणाऱ्याला कळतं.

घरी हे पाहायचं असेल तर टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच मोबाइलवर एलईडी जांभळट चमकताना दिसेल.

हे दिवे कॅमेऱ्याच्या तोंडाशीच असतात, आणि रात्रीच्या निम्म्या तक्रारी तिथून उगवतात. अंतर दुप्पट झालं की पडणारा उजेड चौथाई होतो. भिंगापासून १० सेंटिमीटरवरचं कोळ्याचं जाळं आणि ५ मीटरवरचं फाटक यांच्या अंतरात पन्नास पटींचा फरक आहे, म्हणजे जाळ्यावर अडीच हजार पट उजेड पडतो. जाळ्याचे धागे पांढरे पेटतात, कॅमेरा 'फार उजेड आहे' असं समजून उघडझाप आवरती घेतो आणि मागचं फाटक काळोखात जातं. शेजारची चुन्याची भिंत, पुढे आलेली कुंडीतली फांदी, घुमटाकार झाकणावरची धूळ, सगळ्यांचा परिणाम हाच. खिडकीच्या काचेआडून लावलेला कॅमेरा रात्री स्वतःच्याच दिव्यांचं प्रतिबिंब बघत बसतो. पावसाच्या सरी पांढऱ्या रेघा होतात. आणि भिंगाजवळून उडणारा चिलटासारखा कीटक, फोकसबाहेर असल्याने, गोल, झिरझिरीत, तरंगणारा पांढरा ठिपका होतो. 'सीसीटीव्हीत दिसला आत्मा' म्हणून मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींमध्ये फार वेळा हाच कीटक किंवा धूळ असते. अशा फितीवरून एखाद्या घराचं किंवा माणसाचं नाव बदनाम होतं तेव्हा ती साधी करमणूक राहत नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, हे पुढे पाठवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

उपाय स्वस्त आहे. कॅमेरा भिंतीला घासून न लावता थोडा पुढे काढा, दर पंधरवड्याला कोरड्या मऊ फडक्याने जाळी काढा, आणि जमलं तर वेगळा अवरक्त दिवा कॅमेऱ्यापासून दोन-तीन हात दूर लावा. तिथला उजेड भिंगाजवळच्या कीटकावर पडत नाही. फाटकावर साधा ९ वॅटचा पांढरा एलईडी रात्रभर जळू शकत असेल तर त्याहून उत्तम काही नाही: रंग मिळतात, शटर लवकर मिटू शकतं, आणि बारा तासांना वीज जळते ०.१ युनिटच्या आसपास.

भिंगाने किती रुंद दृश्य दाखवावं? अनोळखी चेहरा ओळखायचा तर चित्रात मीटरमागे सुमारे २५० पिक्सेल हवेत असा प्रघात आहे. २ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. वर सांगितलेल्या १/२.८ इंची सेन्सरवर २.८ मिलिमीटर नाभीय अंतराचं (फोकल लेंग्थचं) भिंग अंतराच्या साधारण दुप्पट रुंदी दाखवतं, म्हणून चेहरा पावणेचार मीटरपर्यंतच ओळखू येतो. ४ मिलिमीटरला साडेपाच मीटर, ६ ला आठ मीटर. सगळं अंगण एका चौकटीत बसावं म्हणून २.८ घेणाऱ्याला आठ मीटरवरच्या फाटकाशी माणूस दिसतो, कोण ते कळत नाही. दारासाठी २.८, फाटकासाठी ६, अशी वाटणी करावी. गाडीचा नंबर वेगळ्याच कारणाने हुकतो: पाटी प्रकाश सरळ उगमाकडे परतवते, त्यामुळे अवरक्तात ती कोरी पांढरी उठते.

दिवसा चालणारा आणि रात्री बंद पडून पुन्हा सुरू होणारा कॅमेरा हा वायरिंगचा आजार आहे. १२ व्होल्टचा कॅमेरा दिवसा समजा ०.१५ अँपिअर घेतो, दिवे लागल्यावर ०.४. तीस मीटर लांब, ०.२ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन रोध सव्वापाच ओहम होतो. दिवसा घट पाऊण व्होल्ट, रात्री दोनहून जास्त. चित्र आणि वीज एकत्र नेणाऱ्या स्वस्त 'थ्री प्लस वन' केबलमध्ये तांब्याचा फक्त मुलामा असतो, आत ॲल्युमिनियम. तिथे घट आणखी. व्होल्ट पडले की कॅमेरा मरतो, दिवे विझतात, व्होल्ट परत चढतात, तो पुन्हा उठतो, आणि हे रात्रभर चालतं. फाटकाजवळ वेगळा ॲडॉप्टर बसवा किंवा जाड तांब्याची तार ओढा. पीओईवर, म्हणजे नेटवर्कच्याच केबलमधून ४८ व्होल्टच्या आसपास वीज देणाऱ्या पद्धतीत, प्रवाह कमी असल्याने ही अडचण जवळपास येतच नाही.

साठवणुकीचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला २ मेगाबिटने एक कॅमेरा दिवसाला २१.६ गिगाबाइट लिहितो. चार कॅमेऱ्यांना १ टेराबाइटची डिस्क साधारण साडेअकरा दिवस पुरते. डिस्क सतत लिहिण्यासाठी बनवलेली घ्यावी, संगणकातली जुनी काढून लावू नये. पहिल्या दिवशी कारखान्यातला पासवर्ड बदलावा. २०१६ मध्ये मिराई या संगणकी विषाणूने तसेच ठेवलेले कॅमेरे हजारोंनी ताब्यात घेतले होते.

दुकानात कॅमेरा हाताने झाकून दिवे लागलेले दाखवतात, त्यावर समाधान मानू नका. घरी बसवल्यावर पहिल्याच रात्री बाहेरचे दिवे मालवा, एकाला फाटकातून नेहमीच्या चालीने आत यायला सांगा, उभं राहू देऊ नका. मग थेट चित्र न पाहता साठवलेली फीत लावा आणि तो चालत असतानाच थांबवा. त्या एका स्थिर चौकटीत नाक-डोळे वेगळे दिसले नाहीत, तर शटर १/५० वर आणून पुन्हा बघा. चित्र काळं पडलं तर दिवा वाढवा. कॅमेरा बदलायचा विचार त्यानंतर करा.